अठ्ठावीस मिनिटं कुठे गेली?

नमस्कार,

मी ६४ वर्षांची, मांजलपूरला राहते. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करून निवृत्त झाले, पेन्शन नाही. गेली सात वर्षं मिस्ट्री शॉपरचं काम करते. म्हणजे गिऱ्हाईक बनून दुकानात, हॉटेलात, शोरूममध्ये जायचं. कोण कसं बोललं, किती वेळ लागला, बिल दिलं की नाही, सगळं लक्षात ठेवायचं आणि घरी येऊन एजन्सीच्या ॲपवर रिपोर्ट भरायचा. एका व्हिजिटचे तीनशे-चारशे रुपये मिळतात, खरेदीचे पैसे वेगळे परत येतात. रक्कम मोठी नाही, पण ती माझी असते.

आता ॲप उघडलं की प्रत्येक कामापुढे वय २५ ते ४०, वय २१ ते ३५ असं लिहिलेलं असतं. अलकापुरीतल्या ज्या कपड्यांच्या शोरूमला मी चार वेळा जाऊन आले, तेही माझ्यासाठी बंद झालं. अर्ज केला की मिनिटभरात 'प्रोफाइल जुळत नाही' येतं. एजन्सीला तीन ईमेल केले. उत्तर एकच, 'क्लायंटची अट आहे.' सात वर्षांत माझा एकही रिपोर्ट परत आलेला नाही. मध्यंतरी ६० वर्षांवरच्यांसाठी बँकेची एक व्हिजिट मिळाली, तीही मी चोख केली. मुदत ठेवीची चौकशी करायची होती. काउंटरवरच्या मुलीने विम्याची योजना पुढे केली, ते मी सविस्तर लिहिलं. (बसवून ४० मिनिटं ठेवलं होतं, माझ्या मागून आलेल्या दोन तरुण मुलांना आधी बोलावलं. पण पोरगी नवी होती बिचारी, म्हणून १२ लिहिली.) त्यानंतर काही काम आलेलं नाही.

हा अन्याय नाही का? भाची म्हणते, माझ्या कागदपत्रांवर दुसरं खातं काढ आणि काम तू कर. काढू का? की सरळ वकिलाची नोटीस पाठवू?

– एक बडोदेकर

*

ताई,

तुमचं पत्र मी वाचत गेले आणि कंसापाशी अडकले. पुढचं वाचलं, पुन्हा मागे आले. चाळीस मिनिटं बसवलं आणि तुम्ही बारा लिहिली. पत्रभर तुम्ही माझ्याकडे न्याय मागता आहात, आणि जी गोष्ट साऱ्या पत्रात सर्वांत मोठी आहे ती दोन ओळींत, कंसात टाकून पुढे निघून गेलात. आयुष्यभर हिशेब लिहिलेल्या बाईने अठ्ठावीसचा फरक 'बिचारी'च्या खात्यावर टाकला, याचं मला वाईट वाटलं आणि रागही आला.

आधी तुमचे दोन प्रश्न संपवते. भाचीच्या नावाने खातं काढू नका. पैसे तिच्या पॅनवर आणि तिच्या बँक खात्यात जाणार, दुकानात पाऊल तुमचं पडणार आणि रिपोर्टखाली नाव तिचं असणार. उद्या दुकानातल्या मुलाने 'या मावशी, बसा' म्हटलं तर ते वाक्य तुम्ही रिपोर्टमध्ये कसं लिहिणार? नोटिशीवरही पैसे घालवू नका. आपल्या घटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला सरकारला मनाई आहे. त्या यादीत वय नाही, आणि तुमची एजन्सी तर खासगी आहे. अमेरिकेत ४० वर्षांवरच्यांना नोकरीत संरक्षण देणारा कायदा १९६७ पासून आहे, पण तोही नोकरदारांसाठी. कामामागे पैसे घेणारी स्वतंत्र माणसं त्यात बसत नाहीत, आणि मिस्ट्री शॉपर बहुतेक तशीच असतात. हा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे.

वयाच्या अटीचं म्हणाल, तर काही ठिकाणी ती मला पटते. तुम्हालाही पटत असणार, सात वर्षांचा अनुभव आहे तुमचा. ह्या कामात गिऱ्हाईक म्हणून खपून जावं लागतं. कॉलेजच्या मुलींचे कपडे विकणाऱ्या दुकानात ६४ वर्षांची बाई एकटीच अर्धा तास मापं विचारत फिरली की तिथल्या पोरांना संशय येतो. एकदा ओळखलं की ती तुमच्याशी नेहमीपेक्षा गोड वागणार आणि त्या व्हिजिटला काही अर्थ राहणार नाही. अलकापुरीचं ते शोरूम जाऊ द्या.

पण सगळीकडे एकच फूटपट्टी लावली की तिचा मूर्खपणा होतो, आणि तिथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. मांडवीकडच्या सराफाकडे आईच्या जुन्या पाटल्या मोडून नव्या करायला कोण जातं? तुमच्या-माझ्या वयाच्या बायका जातात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय तो विकता येत नाही. तो क्रमांक दुकानदार आपणहून दाखवतो की बाईला चष्मा लागलाय म्हणून विषय टाळतो, हे पंचविशीतल्या मुलीला कधी कळायचं नाही. आरोग्य विम्याचं घ्या. पूर्वी कंपन्यांना निदान ६५ वर्षांपर्यंतच्यांना पॉलिसी द्यावी लागे. २०२४ पासून विमा नियामकाने सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलंय. मग सत्तरीचा माणूस शाखेत चौकशीला गेला की त्याला काय उत्तर मिळतं, हे तपासायला तीस वर्षांचा मुलगा पाठवून काय उपयोग? औषधाची दुकानं आहेत, रक्त तपासणीच्या लॅब आहेत. आणि बँका आहेत.

बँकेत तर तुम्ही जाऊन आलात. काय झालं बघा. तुम्ही मुदत ठेवीचं विचारलंत आणि त्या मुलीने विमा काढून दाखवला. ६० पूर्ण केलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, ती बँकेतही उघडता येते, २०२३ पासून तिच्यातल्या ठेवीची मर्यादा ३० लाख रुपये झालीय. तुमच्या पत्रात त्या योजनेचं नावही नाही, म्हणजे तिने ते काढलं नसावं. तुमच्या जागी एखादा तरुण असता तर त्याच्यापुढे क्रेडिट कार्ड आलं असतं. पिकल्या केसांच्या एकट्या बाईपुढे काय सरकवलं जातं, ते पिकल्या केसांच्या बाईलाच दिसतं. ते तुम्ही पाहिलंत आणि नीट लिहिलंत. त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो.

आणि मग तुम्ही बारा लिहिली.

रिझर्व्ह बँकेने ९ नोव्हेंबर २०१७ ला सगळ्या बँकांना कळवलंय की ज्येष्ठांसाठी आणि दिव्यांगांसाठी सहज ओळखू येईल असा वेगळा काउंटर ठेवा, नाहीतर एखाद्या काउंटरवर त्यांना प्राधान्य द्या. त्या शाखेत तसा काउंटर होता का? पाटी होती का? पाटी होती आणि खुर्ची रिकामी होती का? ६४ वर्षांच्या बाईला थांबवून मागून आलेल्या दोन मुलांना आधी बोलावलं, ही त्या व्हिजिटची खरी बातमी होती. वरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ती तुमच्याशिवाय कुणी सांगणार नव्हतं. त्याच्यापुढे आकड्यांचा तक्ता येतो. तुमच्या शाखेच्या ओळीत १२ आहे. त्याने तो आकडा बघितला असेल आणि 'ज्येष्ठांचं व्यवस्थित चाललंय' म्हणून पुढची ओळ वाचली असेल. पुढच्या वेळी ६० वर्षांवरचा मिस्ट्री शॉपर शोधायचा खटाटोप तो कशाला करील?

त्या मुलीची तुम्हाला दया आली. ती नवी होती, घाबरलेली असेल, मान्य. पण १२ लिहून तुम्ही तिचं काय भलं केलंत? ती एकटी रेटत असेल, तर ४० च्या आकड्यावरून कुणीतरी विचारलं असतं की इथे दुसरं माणूस का नाही. टोकनचा क्रम कसा लावायचा हे तिला कुणी शिकवलं नसेल, तर कुणीतरी येऊन शिकवलं असतं. आता तिला वाटतंय की आपण करतो ते बरोबर आहे. उद्या दुसरी एखादी आजी त्याच खुर्चीवर बसेल. तिच्या गुडघ्याला पट्टा असेल, घरी आजारी नवरा असेल. ती मुलगी पुन्हा मागच्या पोराला आधी हाक मारील.

आणि दयेचं कारण मला पुरतं पटलेलं नाही. एक गोष्ट सांगते. माझी आई गेली त्याच्या दोन-एक वर्षं आधी एकटीच दातांच्या दवाखान्यात जाऊन आली. मी विचारलं, किती वेळ लागला? म्हणाली, 'काही नाही ग, गेले तशी आतच घेतलं.' ती अकराला निघाली होती आणि आली तेव्हा दोन वाजून गेले होते. ताटातली भाजी पार गार झाली होती. दवाखाना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी काही बोलले नाही, तिनेही वर बघितलं नाही. रावपुऱ्यात जन्म काढलेली बाई, जिला बाजारात चार दुकानदार नावाने ओळखायचे, ती तीन तास एका बाकावर कुणाच्या लक्षातही आली नाही. हे लेकीला सांगण्यापेक्षा खोटं बोलणं तिला सोपं गेलं. त्या दिवशी मी तिला खोदून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ते अजून मनात राहिलंय. म्हणून तुम्हाला विचारते.

रिपोर्ट भरताना तो वेळेचा रकाना समोर आला, तेव्हा तुमच्या मनात त्या मुलीचा चेहरा होता, की त्या खुर्चीवर पर्स मांडीत धरून बसलेल्या तुम्ही होतात? ४० लिहायचं म्हणजे स्वतःच्या हाताने लिहायचं की मी इथे चाळीस मिनिटं होते आणि मी कुणाला दिसले नाही. ॲप रोज तेच सांगतंय, त्यात आपणही तेच लिहायचं. नाही लिहवलं तुम्हाला. मला ते समजतं, ताई, फार समजतं. पण तुम्ही त्या शाखेत गेला होतात ते हेच बघायला. बाकी कुणाला ते दिसणार नव्हतं म्हणूनच त्यांनी ६० वर्षांवरचं माणूस मागितलं होतं. त्या कामाला तुमचं वय लागत होतं, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही ते रिपोर्टमधून खोडून टाकलंत.

'सात वर्षांत एकही रिपोर्ट परत आलेला नाही,' हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय. हा रिपोर्टही परत आला नाही, पण तो खोटा आहे. गेल्या शतकात अमेरिकेत हे काम सुरू झालं ते मुळात गल्ल्यावरचा माणूस पैशाला सच्चा आहे की नाही, हे गुपचूप बघायला. बघणाऱ्याचा शब्द खरा, एवढ्या एका गोष्टीवर हे काम उभं आहे. शिवाय कितीतरी ॲपना तुम्ही आत कधी शिरलात, बाहेर कधी पडलात हे फोनवरून कळतं. तुमच्या एजन्सीत कुणी ते ताडून पाहिलं असेलही. त्यानंतर काम आलं नाही, असं तुम्हीच लिहिता. वयाची अट खरीच आहे, पण हा आकडाही तुमच्या नावावर आहे.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट करायला सांगते, आणि आजच. एजन्सीला चौथा ईमेल पाठवा. आधीच्या तिन्हींत तुम्ही काम मागितलंत, ह्यात काम मागू नका. वयावर वाद घालू नका, सात वर्षांची सेवा सांगू नका, माफीचे चार परिच्छेद लिहू नका. व्हिजिटची तारीख, शाखा आणि टोकन क्रमांक. मग: 'थांबायचा वेळ मी १२ मिनिटं लिहिला, तो चुकीचा आहे. खरा वेळ ४० मिनिटं. माझ्यानंतर आलेल्या दोन तरुण ग्राहकांना माझ्या आधी बोलावलं.' ज्येष्ठांच्या काउंटरबद्दल जे पाहिलं असेल ते एका ओळीत. नसेल पाहिलं, तर 'मी पाहिलं नाही' असं लिहा. त्या मुलीबद्दल वाटतंच असेल, तर ती एकटीच काउंटर सांभाळत होती का, तेही लिहा. त्याने तिचं काही भलं होईल.

ते कदाचित त्या व्हिजिटचे पैसे कापतील. कदाचित खातंच बंद करतील. करू द्यात. खातं असंही तुम्हाला काम देत नाहीये, आणि ते खोट्या आकड्यावर उघडं राहण्यापेक्षा खऱ्यावर बंद झालेलं मला चालेल. तुम्हालाही चालेल, कारण हिशेब चुकलेला ठेवून झोप लागणाऱ्यांतल्या तुम्ही नव्हेत. तसं असतं तर तो कंस पत्रात आलाच नसता.

शेवटी नाव लिहा, आणि नावापुढे वय. ६४.