सेन्सर बंद पडला? आधी सेल बघा

पावसाळ्यात मुंबईत सायकलचा वेग किंवा पेडलची गती मोजणारा सेन्सर गप्प झाला की लगेच नवा घेऊ नका. बहुतेकदा दोष नाण्यासारख्या चपट्या सीआर२०३२ सेलचा किंवा आत शिरलेल्या ओलाव्याचा असतो. नाण्याने झाकण उघडा, सेल काढून अर्धा मिनिट थांबा, सेलला टेकणाऱ्या पत्र्यांवरचा हिरवट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवा सेल घालताना झाकणाची रबरी रिंग नीट बसलीय ना, हे नक्की बघा. पाणी तिथूनच शिरतं.

मग चाक आणि क्रँक (पेडलचा दांडा) फिरवा, त्याशिवाय सेन्सर जागा होत नाही. तरी हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरला सापडत नसेल तर मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. ब्लूटूथवर कित्येक सेन्सर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात, आणि मोबाइलने आधीच जागा अडवलेली असते.

चुंबकवाला जुना प्रकार असेल तर स्पोकवरचा चुंबक सेन्सरच्या खुणेसमोरूनच, साधारण ३ मिमी अंतरावरून जायला हवा. खड्ड्यांनी तो सरकतो.

वेग येतो पण चुकीचा? चाकाचा घेर तपासा: ७००×२५ मापाच्या टायरला २१०५ मिमी, ७००×२८ ला २१३६. त्याहून बरं म्हणजे टायरवर खडूची खूण करून, सायकलवर बसून, एक फेरी जमिनीवर मोजा.