पाहिलंस कुठून, किती वाजता?

मित्रा,

परवा कुर्ल्याच्या रुळांवरच्या पाण्याचा व्हिडिओ तू ताजा म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलास आणि सगळ्यांनी तुला धारेवर धरलं. मी गप्प बसलो. चारचौघांत कोणाचे कान उपटू नयेत, म्हणून हे पत्र. तो व्हिडिओ तू शेवटपर्यंत पाहिला होतास का? प्लॅटफॉर्मवरच्या निम्म्या लोकांच्या तोंडावर मास्क होते! म्हणजे तो करोनाच्या काळातला, हे तिथेच दिसत होतं. पण तुला तो मामाने पाठवला होता, मग बघतोय कोण.

आपण सगळेच असे. घाईत बातमी तपासत नाही, पाठवणारा कोण ते बघतो. मामा खोटं बोलणार नाही, मान्य. पण मामाने ते पाणी पाहिलंय कुठे? २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं. ती अफवा पुढे सरकवणाऱ्यांनाही ती कोणा ओळखीच्यानेच दिली असणार.

आता याहून अवघड गोष्ट. स्वतः पाहणाराही फसवतो, खोटं न बोलता. २६ जुलै २००५ला मी फोर्टमध्ये ऑफिसात होतो. दुपारी उपनगरातल्या घरून बायकोचा फोन, ‘पाणी जिन्यापर्यंत आलंय.’ साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, ‘कुठे आहे एवढा पाऊस? बायकांना सवयच असते.’ नंतर आकडे आले, उपनगरातल्या सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर आणि फोर्टशेजारच्या कुलाब्याला ७३. साहेबही खरं बोलत होते, बायकोही. म्हणून ‘मुंबईत पाणी भरलं’ या वाक्याला मी काडीची किंमत देत नाही. कुठल्या नाक्यावर, किती वाजता, पाणी घोट्याला की कमरेला, ते सांग.

त्याच आठवड्यात जुहूच्या नेहरूनगर वस्तीत रात्री हूल उठली. कोणी म्हणे धरण फुटलं, कोणी म्हणे त्सुनामी आली. लोक अंधारात पळाले आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. सात महिन्यांपूर्वीची त्सुनामी मात्र सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती आणि दोन दिवसांपूर्वीचं पाणी अंगावर झेललं होतं. मनात भीती तयारच होती. म्हणून एखादी बातमी वाचताक्षणी ‘वाटलंच होतं मला’ असं आलं, की मी तरी फोन खाली ठेवतो.

‘पळा’ सांगणाऱ्या मेसेजला दसपट पुरावा माग. ‘घरीच थांबा’ चुकलं तर फार तर एक खाडा पडतो.

पण म्हणून सरकारी निरोपाची वाट बघत बसायचं, असंही मी म्हणणार नाही. एप्रिल २०२१मध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी वॉर्डातल्या वॉर रूमचा फोन लागता लागत नव्हता, तेव्हा तुझ्यासारख्या पोरांच्या याद्यांनीच किती घरं तरली. त्यातच मी एक घोळ केला. एका हॉस्पिटलात बेड असल्याचा मेसेज, वर ‘व्हेरिफाइड’ लिहिलेलं. मी दुपारी पुढे पाठवला. एक मुलगा वडिलांना रिक्षात घालून तिथे पोचला. बेड सकाळीच गेला होता. त्या शब्दापुढे वेळ नव्हती आणि मी विचारलीही नाही. त्याने मला फोन करून शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ‘काका, दुसरा नंबर आहे का?’ एवढंच विचारलं त्याने.

पावसाचं सोपं आहे. हवामान खात्याचा इशारा बघ, पालिकेच्या १९१६ वर फोन लाव, भरतीची वेळ बघ. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले, तर दादरच्या सखल हिंदमाता भागात पाणी भरू शकतं, हे सांगायला व्हिडिओची गरज नाही. आणि चुकलेला मेसेज गुपचूप डिलीट करू नकोस रे. ‘मी चुकलो, हा जुना आहे’ असं त्याच ग्रुपवर लिही. परवा तू डिलीट केलास, पण तोवर पाटीलकाकूंनी तो माहेरी पाठवला होता.

पुढच्या पावसात आधी मला फोन कर. मी तळमजल्यावर राहतो, गेटजवळच्या पायरीवर पाणी चढलं की नाही ते उठून बघेन आणि मगच सांगेन. आधीच सांगितलं तर समज की काका कॉटवर पडूनच बोलतोय.

तुझा,
तळमजल्यावरचा काका