निरूह बस्ती: घोटण्यात घाई नको

पावसाळा हा बस्तीचा, म्हणजे गुदमार्गाने औषध देण्याचा काळ, त्यामुळे सांगलीत आत्ता शिकायला लागलात ते बरंच झालं. निरूह म्हणजे काढ्याचा बस्ती. त्याची मात्रा वैद्य ठरवणार, तुमचं खरं काम खलात. क्रम मोडायचा नाही: आधी मध, त्यात सैंधव, मग कोमट तेल, मग कल्क (औषधांची वाटलेली चटणी), शेवटी गाळलेला काढा. सैंधवाचा कण बोटाला लागेनासा होईपर्यंत मधात घोटा. तेल बारीक धारेने घाला. एकदम ओतलंत तर मिश्रण फुटतं आणि वर तवंग धरतो. असं मिश्रण देऊ नका, पुन्हा घोटा.

गरम करायचं ते भांडं गरम पाण्यात ठेवून. थेट गॅसवर कधीच नाही, त्यात मध आहे! मनगटावर थेंब टाकून बघा, कोमटच हवं.

निरूह उपाशीपोटी, अनुवासन म्हणजे तेलाचा बस्ती जेवणानंतर. नवीन माणूस इथे हमखास गल्लत करतो. रुग्ण डाव्या कुशीवर, उजवा पाय दुमडून. नळीतली हवा आधी काढा आणि शेवटचं थोडं द्रव्य आत सोडू नका, नाहीतर हवा जाऊन पोट फुगतं. 48 मिनिटांत बाहेर आलं नाही, तर वाट न बघता वैद्यांना हाक मारा.