पुनर्संयोजित मानवी कॅस्पेज-३ च्या दोन कुप्यांवरील युनिटचे आकडे जुळत नसतील, तर नमुना खराब समजावा का?

आपण विचारले आहे की, कॅस्पेज-३ या पेशीमृत्यू घडवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) दोन पुरवठादारांच्या कुप्यांवर शुद्धता सारखीच छापलेली असताना प्रति मिलिग्रॅम युनिटचे (क्रियाशीलतेच्या मापाचे) आकडे कित्येक पटींनी वेगळे का, आणि एसडीएस जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) एकाऐवजी दोन पट्टे दिसतात ते विकर बिघडल्याचे लक्षण आहे का. एवढ्यावरून नमुना खराब ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन पट्टे दिसणे तर अपेक्षितच आहे. मानवी पेशीत हे विकर २७७ अमिनो आम्लांच्या, सुमारे ३२ किलोडाल्टन (प्रथिनाच्या वस्तुमानाचे एकक) वजनाच्या निष्क्रिय पूर्वरूपात तयार होते. ही साखळी ठरावीक अ‍ॅस्पार्टेटपाशी तुटली की सुमारे १७ आणि १२ किलोडाल्टनचे तुकडे होतात आणि प्रत्येकी दोन तुकडे एकत्र येऊन क्रियाशील विकर बनते. ई. कोलाय जीवाणूत ते भरपूर प्रमाणात बनवले, तर ते स्वतःलाच कापून घेते. (मुळात ते पेशीद्रवातले प्रथिन असल्याने त्याला शर्करेच्या साखळ्या लागत नाहीत, म्हणून जीवाणूत बनवण्यात काही उणे नाही.) जेलवर ३२ किलोडाल्टनपाशी ठळक पट्टा असता, तर मात्र बराच भाग अजून निष्क्रिय आहे असे मी म्हटले असते.

आता युनिटविषयी. कॅस्पेजसाठी युनिटची एकच सर्वमान्य व्याख्या बाजारात पाळली जात नाही. कोणी मिनिटाला १ पिकोमोल सब्स्ट्रेट (विकर ज्यावर काम करते तो पदार्थ) तोडणाऱ्या विकराला एक युनिट म्हणतो, तर कोणी तासाला १ नॅनोमोल तोडणाऱ्या विकराला. तासाला १ नॅनोमोल म्हणजे मिनिटाला जवळजवळ १६.७ पिकोमोल, म्हणजे अगदी एकाच विकरासाठी केवळ व्याख्येमुळे आकडा सोळा-सतरा पटींनी बदलतो. त्यात एकाने मोजणी ३० अंश सेल्सिअसला आणि दुसऱ्याने ३७ अंशांना केली असेल, किंवा डीईव्हीडी या (विकर जो ओळखून कापते त्या चार अमिनो आम्लांच्या) क्रमाला जोडलेला रंगद्रव्याचा गट वेगळा असेल, तर फरक आणखी वाढतो. म्हणून माहितीपत्रकातील व्याख्या वाचल्याशिवाय हे आकडे शेजारीशेजारी ठेवू नयेत.

शुद्धतेचा आकडाही येथे उपयोगी पडत नाही, कारण जेलला जिवंत आणि मेलेले विकर सारखेच दिसते. क्रियाशील स्थानातील सिस्टीन १६३ चे (साखळीतील १६३ व्या अमिनो आम्लाचे) ऑक्सिडीकरण झाले, तर पट्टा तसाच राहतो आणि काम थांबते. म्हणूनच मोजणीच्या बफरमध्ये ताजे डीटीटी (हे ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन), साधारणतः १० मिलिमोलर, घालणे मी अत्यावश्यक मानतो. एकदा वितळवलेली कुपी पुन्हा गोठवण्याऐवजी पहिल्याच दिवशी तिचे लहान भाग करून उणे ८० अंशांना ठेवावेत.

दोन्ही नमुन्यांची खरी तुलना हवी असेल, तर क्रियाशील स्थानांचे अनुमापन करावे. विकराच्या ठरावीक प्रमाणात झेड-व्हॅड-एफएमके हा कायमचा बांधला जाणारा अवरोधक वाढत्या प्रमाणात घालावा, अभिक्रिया पूर्ण होऊ द्यावी, उरलेली क्रियाशीलता मोजावी आणि आलेखाची सरळ रेषा शून्यापर्यंत वाढवावी. रेषा जेथे अवरोधकाच्या अक्षाला मिळते, तेवढी क्रियाशील स्थाने घेतलेल्या विकरात आहेत. त्यानंतरचे सर्व प्रयोग छापील युनिटवर न आखता या संहतीवर आखावेत.