खाऱ्या पाण्यातल्या सुरीचा गंज: आधी मीठ घालवा, तेल नंतर

तुमचा प्रश्न असा आहे: गळाने मासे मारायला जाताना नेण्यासाठी स्टेनलेस सुरी घेतली, दुकानदाराने गंजणार नाही म्हणून सांगितलं, आणि दोन-तीन खेपांतच पात्यावर तांबडे ठिपके आले. ते काढायचे कसे आणि परत येऊ नयेत म्हणून काय करायचं?

आमचं घर मालवणात, किनाऱ्याला लागून. घरात होडी आहे, त्यामुळे सुऱ्या, कोयते, विळ्या सगळं कायम खाऱ्या वाऱ्यातच असतं. अनुभवाने सांगतो, समुद्राच्या पाण्यापेक्षा ते सुकल्यावर मागे राहणारं मीठ जास्त वाईट. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पातं सुकलं की आपल्याला ते कोरडं वाटतं, पण हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की हेच मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पात्यावर पुन्हा खाऱ्या पाण्याचा पातळ थर धरतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याहून कितीतरी कमी दमटपणातही ओल धरून ठेवतं. पाणी, मीठ आणि वरून हवा, गंजाला आणखी काय हवं? जेटीचे लोखंडी खांब ओहोटीला नीट बघा. भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथे लाटांचे शिंतोडे बसतात आणि सुकतात, तिथे ते फार खाल्लेले दिसतात.

म्हणून सुरी फडक्याने पुसून पिशवीत टाकणं उपयोगाचं नाही. पुसल्याने पाणी जातं, मीठ राहतं. होडीत गोड्या पाण्याची एक बाटली फक्त सुरीसाठी ठेवा आणि पातं सुकायच्या आत त्यावर ओता. घरी आल्यावर साबण लावून धुवा, आणि धुताना मुठीकडे जास्त लक्ष द्या. पातं मुठीत शिरतं तिथली फट आणि रिव्हेटच्या कडा, गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. जुना टूथब्रश घेऊन तिथे घासा. धुतल्यावर पातं उभं धरलंत आणि त्या फटीतून तपकिरी पाणी ओघळलं, तर आत मीठ अजून आहे. तेव्हा मूठ थोडा वेळ कोमट पाण्यात बुडवून पुन्हा धुवा. लाकडी मूठ असेल तर मात्र भिजत ठेवू नका, लाकूड फुगतं.

आता स्टेनलेसबद्दल. दुकानदार अगदी खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचं एक अतिशय पातळ कवच तयार होतं आणि ते आतल्या लोखंडाला वाचवतं. मिठातलं क्लोराइड नेमकं हेच कवच जागोजागी फोडतं. त्यामुळे स्टेनलेस सगळीकडून तांबारत नाही, त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. शिवाय धार टिकावी म्हणून सुरीच्या स्टीलमध्ये कार्बन जास्त असतो, आणि तो कार्बन क्रोमियमचा काही भाग अडकवून ठेवतो. घरातली स्टीलची वाटी गंजत नाही आणि सुरी गंजते, ती यामुळेच.

ठिपके काढायला पांढरं व्हिनेगर पुरे. कापडाची पट्टी व्हिनेगरमध्ये भिजवून पात्याला गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटांनी उघडून बघत राहा. अर्ध्या तासात बहुतेक गंज सैल होतो. रात्रभर ठेवू नका, आम्ल चांगलं स्टीलही खातं आणि धार मारते. मग नारळाच्या काथ्याने किंवा भांडी घासायच्या नायलॉनच्या घासणीने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासा. लोखंडी तारेची घासणी स्टेनलेसला अजिबात लावू नका. तिचे बारीक कण पात्यात रुततात आणि मग तेच गंजतात. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा आणि लगेच तेल लावा, कारण आम्लातून निघालेलं उघडं पातं काही मिनिटांत पुन्हा तांबूस होऊ शकतं. ब्लीचमध्ये सुरी कधीच बुडवू नका.

धारेवरच गंज असेल तर निसण्यावर घासूनच तो काढावा लागेल. धार लावणाऱ्याच्या मशीनवर दिलीत तर समोर उभे राहा आणि पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगा. धार निळी पडली की पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग ती धार टिकत नाही.

लोहाराने गाडीच्या पाट्यापासून केलेली सुरी किंवा कोयता असेल तर हिशेब वेगळा. कैऱ्या, कांदे कापून त्यावर जो काळा थर येतो तो घासून काढू नका. तो चिकटून बसतो आणि तांबड्या गंजाला थोडा अडवतो. तांबडा गंज मात्र भुसभुशीत असतो, ओल धरतो आणि आत खात जातो. समुद्रापुढे काळा थर एकटा टिकत नाही, त्यावर तेल हवंच.

तेल म्हणून खोबरेल चालतं, आम्ही तेच वापरतो. महिना-दोन महिने सुरी वापरायची नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन बरं, ते खवट होत नाही. जवसाचं तेल नको, सुकून चिकट होतं. थर इतका पातळ हवा की बोट फिरवल्यावर नुसती चकाकी दिसावी. मिटायच्या सुरीत सांध्यात दोन थेंब सोडा.

आणि चामड्याच्या म्यानात सुरी ठेवून देऊ नका. चामडं मीठ आणि ओल दोन्ही शोषतं, आणि पातं त्यातच पडून राहतं. प्लास्टिकचं म्यानही आतून धुवून, उपडं टांगून सुकवा.

नवीन घ्यायचीच असेल तर कार्बन कमी ठेवून नायट्रोजन घातलेल्या स्टीलची घ्या, एच१ किंवा एलसी२००एन अशी नावं पात्यावर किंवा खोक्यावर असतात. किंमत बरीच जास्त आहे, पण खाऱ्या पाण्याला ती खरोखर दाद देत नाहीत. फक्त घरी मासे साफ करण्यासाठी हवी असेल तर हा खर्च करू नका, आहे ती सुरी नीट धुतलीत तरी वर्षानुवर्षं जाईल.