निश्चयकात दर वेळी चूक, म्हणजे पोरगी गणितात कच्ची?

"मॅडम, पोरीले गणित जमतच नाही. निश्चयक आलं का वही मिटते. दहावीत अडकली तं?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, कापूस वेचणीच्या ऐन हंगामात दिवस पाडून आलेल्या वडिलांची ही काळजी. मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली. अशा वेळी धीर नंतर द्यावा, आधी वही मागावी. तीही कच्च्या कामाची, कारण पक्क्या वहीत चूक खोडलेली असते.

वहीत समीकरणं होती: ५एक्स = २वाय + १६ आणि ३एक्स + ४वाय = −६. उत्तर यायला हवं एक्स = २, वाय = −३. निश्चयक म्हणजे दोन ओळी, दोन स्तंभांत मांडलेल्या चार संख्यांचे तिरपे गुणाकार करून पहिल्यातून दुसरा वजा करायचा. क्रेमरच्या रीतीत (५एक्स − २वाय = १६ असं मांडून) एक्स-वायच्या आधीच्या संख्यांचा निश्चयक म्हणजे डी; एक्सच्या स्तंभात उजवीकडच्या संख्या घातल्या की डीएक्स, वायच्या स्तंभात घातल्या की डीवाय. त्यांना डीने भागलं की एक्स आणि वाय. तिचा डी आला होता १४; हवा होता २६.

हा १४ दोन वाटांनी येतो. एक तर २वाय डावीकडे नेताना चिन्ह बदललंच नाही आणि ५×४ − २×३ झालं. नाही तर −२ नीट लिहिला, पण (५×४) − (−२×३) करताना वजा-वजाचा अधिक करायचा राहिला. नुसत्या डीवरून काहीच कळत नाही. निवाडा डीएक्स करतो. पहिल्या चुकीत तो ७६ येतो, दुसरीत ५२. तिचा ५२ होता. तिथला दुसरा गुणाकार (−२)×(−६) म्हणजे अधिक १२, म्हणून ६४ − १२ सरळ जमलं. डीवायही −७८ बरोबर होता. म्हणजे मांडणी येते, क्रेमरची रीत येते. अख्ख्या गणितात चुकलं ते एक चिन्ह. पण ५२ भागिले १४ असा अपूर्णांक दिसला, की ती पुढचं सोडून देई. (अपूर्णांक उत्तर चूकच असतं, हा समज मुलांच्या डोक्यात कोण भरवतं कोण जाणे.)

"बाबा म्हणतात, सोपं आहे ते," ती पुटपुटली. सोपं नाहीच, चिन्हं सांभाळणं मोठ्यांनाही जड जातं.

तिला दिलेलं काम एवढंच: आधी दोन्ही समीकरणं एक्स, वाय, मग बरोबरच्या उजवीकडे संख्या अशी एकाखाली एक लिहायची. निश्चयक सोडवताना दुसरा गुणाकार कंसात, चिन्हासकट. डीवायमध्ये १६ आणि −६ दुसऱ्या स्तंभातच बसवायचे. ते पहिल्यात आणि ५, ३ दुसऱ्यात गेले तर −७८ चा ७८ होतो आणि वाय ३ निघतो. शेवटी उत्तर दोन्ही समीकरणांत घालून बघायचं, एकातच नाही.

वडिलांनी विचारलं, "शिकवणी लावू का?" सध्या गरज नाही. रोज दोनच गणितं, आणि "कितीचं बरोबर आलं?" याऐवजी "उत्तर घालून पाहिलं का, बेटा?" एवढंच विचारा, असं त्यांना सांगितलं. आणि मुलीला एक: डी शून्य आला तर मात्र भागाकार करायचाच नाही: तिथे या रीतीने उत्तर निघत नाही, दोन्ही समीकरणांच्या आलेखातल्या रेषा समांतर तरी असतात किंवा एकच तरी.