नाशिकहून जुन्या गोव्याला जातोय. बॉम जेझूस बॅसिलिका आणि संग्रहालय एका सकाळीत होईल का? आम्ही ख्रिस्ती नाही, सोबत आई आहे.

होईल, फक्त शुक्रवार टाळा. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. दुरुस्तीसाठीही कधी दालनं बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करून घ्या. नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला जाते. तिथून जुनं गोवं तीसेक किलोमीटर आहे, पणजीहून जेमतेम दहा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते बघूनच तिकीट काढा.

चर्चमध्ये कुणालाही जाता येतं, पैसे लागत नाहीत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आईंना सांगून ठेवा, चपला बाहेर काढायच्या नाहीत. टोपी मात्र काढायची. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. मिस्सेत लोक रांगेने पुढे जाऊन धर्मगुरूंच्या हातून पांढरी चकती घेतात. तो आपल्या देवळातला प्रसाद नव्हे, ते कॅथलिकांसाठी ख्रिस्ताचं शरीर आहे. इतरांनी त्या रांगेत उभं राहू नये. नकळत ही चूक बरेच जण करतात. रविवारी सकाळी मिस्सा असल्याने पर्यटकांना उशिरा आत सोडतात. बाकीच्या दिवशी सकाळी उघडताच पोचा, सहलीच्या बसेस नंतर येतात.

बॅसिलिकेची पायाभरणी १५९४ची, अभिषेक १६०५चा. आत जाण्याआधी बाहेरच पाच मिनिटं थांबा. लाल दगड जांभा आहे. दर्शनी भागातला काळा दगड वसईकडून आणल्याचं सांगतात. तो आपल्या काळाराम मंदिराच्या दगडाच्याच जातीचा, बेसाल्ट. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. त्यावरचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकला आणि तेव्हापासून भिंती पावसाने झिजतायत. उघडा लाल दगड फोटोत छान दिसतो, पण इमारतीच्या जिवावर उठलाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत सोळाव्या शतकातले धर्मप्रसारक संत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत. पेटी बरीच उंचावर आहे, जवळून दर्शन होत नाही. ते दहा वर्षांतून एकदा. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालं. पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७मध्ये घडवली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याचा, १६९८चा. झेवियर यांच्या ३ डिसेंबरच्या सणाआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, असते. निवांत पाहायचं असेल तर ते दिवस सोडा.

मग रस्ता ओलांडा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये पायाखाली बघत चाला: फरशी म्हणजे कोरीव थडग्यांचे दगड आहेत. शेजारच्या मठातच संग्रहालय आहे. लोक पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रं बघून बाहेर पडतात. ती चित्रं मोलाची आहेत, पण अनेकांवर नंतर पुन्हा रंग चढवलाय, त्यामुळे चेहरे सारखे वाटले तर नवल नाही. खरा वेळ द्या वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि सतीशिळांना. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मध्ये वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर देवाची पूजा. इथल्या काही वीरगळांवर जहाजांची लढाई आहे, ती देशावरच्या दगडांत सहसा दिसत नाही. तासभर तरी इथे ठेवा.

शेवटी से कॅथीड्रल. दोनपैकी एक मनोरा १७७६मध्ये पडला, तो पुन्हा बांधलाच नाही. उरलेल्यात मोठी घंटा आहे. पंचवटीत नारोशंकराची घंटा पाहिली असेलच. तीही पोर्तुगीज, वसईच्या विजयानंतर नाशकात आल्याचं मानतात, तिच्यावर १७२१ साल आहे. निघण्याआधी एकदा गोदाकाठी जाऊन ती नीट बघून घ्या, म्हणजे से कॅथीड्रलच्या मनोऱ्याखाली उभं राहिल्यावर आईंना काय सांगायचं ते सापडेल.